आज्ञा आणि आशय : मोडेम-चिपेच्या बाह्य स्मृतीचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

भाषेतील एकच शब्द दोन वेगळ्या नात्यांनी उच्चारला जाऊ शकतो. 'थांब' असे कोणी कोणास म्हटले तर ती आज्ञा होते. परंतु 'तो "थांब" म्हणाला' या वाक्यात तोच शब्द केवळ उद्धृत झालेला असतो, आणि तो ऐकून कोणी थांबत नाही. हा भेद दाखविण्याची साधने प्रत्येक भाषेने आपापल्या परीने घडविली आहेत. संस्कृतात 'इति' आहे, मराठीत 'असे' आणि 'म्हणून' आहेत, लेखनात अवतरणचिन्हे आहेत, बोलण्यात क्षणभराचा विराम आणि स्वरातील बदल आहे. व्याकरणशास्त्राला तर या भेदावाचून पाऊलही टाकता येत नाही. व्याकरणात उच्चारलेला शब्द सामान्यतः आपल्या अर्थाचा नव्हे, तर आपल्या रूपाचाच बोधक समजावा, असा नियम पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या पहिल्याच पादात घालून दिला, आणि शास्त्रातील पारिभाषिक संज्ञा तेवढ्या त्यातून वगळल्या.

यंत्रे तारेवरून एकमेकांशी बोलू लागली तेव्हा हाच भेद त्यांच्यापुढेही उभा राहिला, आणि तेथे तो अधिक निकडीचा ठरला. कारण यंत्राला वक्त्याचा चेहरा दिसत नाही आणि प्रसंगाचे भान नसते. त्याच्यापाशी येते ती केवळ शून्य आणि एक यांची ओळ. त्या ओळीतील कोणता भाग पाळावयाचा आणि कोणता जसाच्या तसा पुढे पोचवावयाचा किंवा साठवावयाचा, हे ठरविण्याची काही तरी रीत असावीच लागते.

मोडेम या यंत्राचा, आणि विशेषतः त्याची कार्ये करणाऱ्या चिपेला बाहेरून जोडलेल्या स्मृतीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यातील मुख्य उदाहरण म्हणजे शांघाय येथील एस्प्रेसिफ सिस्टिम्स या कंपनीने २०१४ साली बाजारात आणलेली ईएसपी ८२६६ ही चिप होय. कोणत्याही उपकरणाला बिनतारी जाळ्याशी जोडून देणारा एक छोटा मोडेम, एवढीच तिची आरंभीची ओळख होती. तिच्या पोटात आज्ञावली साठविण्यासाठी पुनर्लेखनक्षम कायम स्मृती नव्हती. ती शेजारच्या दुसऱ्या चिपेत ठेवलेली होती. या रचनेमागे काटकसर होती. परंतु त्या चिपेशी कोणी आणि काय बोलावे, हा प्रश्न अखेर याच रचनेने निकालात काढला.

२. विरामाचे व्याकरण

बेल कंपनीचा १०३ क्रमांकाचा मोडेम १९६२ साली आला. तो टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ३०० बिट या गतीने मजकूर नेत असे. या काळातील मोडेम हा निव्वळ दुभाषी होता. संगणकाचे विद्युत्स्पंद तो ध्वनीत रूपांतरित करी आणि ध्वनीचे पुन्हा स्पंद करी. क्रमांक फिरविणे, फोन उचलणे, खाली ठेवणे ही कामे माणूस करी, अथवा त्यासाठी वेगळे यंत्र वेगळ्या तारांनी जोडावे लागे. मोडेमला काही सांगावयाचे नसल्यामुळे आज्ञा आणि आशय यांची गल्लत होण्याचा संभवच नव्हता.

हा संभव निर्माण केला तो अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात डेनिस हेझ आणि डेल हेदरिंग्टन यांनी तयार केलेल्या 'स्मार्टमोडेम'ने. १९८१ साली आलेल्या या मोडेमात एक सूक्ष्मनियंत्रक होता, आणि ज्या तारेने संगणक मजकूर पाठवी त्याच तारेने मोडेमला आज्ञाही देता येत. प्रत्येक आज्ञा 'एटी' या दोन अक्षरांनी सुरू होई. 'लक्ष द्या' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची ही आद्याक्षरे. त्यानंतर 'डी' आले की क्रमांक फिरवावयाचा, 'एच' आले की फोन ठेवावयाचा, 'ए' आले की उत्तर द्यावयाचे, अशी ही आटोपशीर भाषा होती.

या दोन अक्षरांची निवड केवळ अर्थासाठी उपयोगी पडली असे नाही. आस्की या संकेतपद्धतीत कोणतेही अक्षर तारेवरून जाताना आधी एक आरंभबिट जातो, तो नेहमी शून्य असतो, आणि मग अक्षराचे बिट कनिष्ठ बाजूकडून जातात. 'ए' या अक्षराचा कनिष्ठ बिट एक आहे. म्हणजे आरंभबिटाच्या शून्यामागोमाग लगेच एक येतो, आणि त्या शून्याची रुंदी मोजून मोडेमला बोलणाऱ्याची गती कळते. पाठोपाठ येणाऱ्या 'टी'वरून तपासणीच्या बिटाची रीत ठरविता येते. संबोधन ऐकता ऐकताच श्रोत्याने वक्त्याच्या बोलण्याची लय ओळखावी, तसा हा प्रकार आहे.

एकदा दूरच्या संगणकाशी गाठ पडली की मोडेम आज्ञा ऐकणे थांबवी आणि आलेले प्रत्येक अक्षर पुढे पाठवी. मग त्याला परत आज्ञेच्या अवस्थेत आणावयाचे कसे? हेझ यांच्या मोडेमात त्यासाठी तीन अधिकचिन्हे, '+++', ठरविलेली होती. परंतु कोणत्याही मजकुरात ही तीन चिन्हे सहज येऊ शकतात. हेदरिंग्टन यांनी काढलेला तोडगा असा, की या चिन्हांच्या आधी आणि नंतर सुमारे एक सेकंद संपूर्ण शांतता असली पाहिजे. अखंड वाहणाऱ्या मजकुरात अशी शांतता सहसा पडत नाही. म्हणजे येथे अर्थाचा भेद चिन्हाने होत नसून विरामाने होतो. या युक्तीला १९८५ साली अमेरिकेत पेटंट मिळाले.

पेटंटाचे शुल्क टाळण्यासाठी काही उत्पादकांनी विरामाची अट सोडून दिली, आणि '+++' नंतर लगेच 'एटी'ने सुरू होणारी आज्ञा आली तर ती आज्ञाच समजावी असे ठरविले. त्याचा परिणाम १९९० च्या दशकाच्या अखेरीस दिसून आला. इंटरनेटवरून कोणी '+++' आणि फोन ठेवण्याची आज्ञा असलेला मजकूर पाठविला, आणि समोरच्या संगणकाने शिष्टाचारानुसार तोच मजकूर उत्तरादाखल परत केला, की त्या संगणकाचा स्वतःचा मोडेम ते उद्धरण आज्ञा समजून संपर्क तोडी. अवतरणचिन्ह गळाल्यामुळे केवळ सांगितलेली गोष्ट करून टाकली जाण्याचे इतके शुद्ध उदाहरण मानवी भाषांतही विरळाच आढळेल.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह काही मोठ्या शहरांत सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले, तेव्हा येथील वापरणाऱ्यांच्याही हाती हीच भाषा आली. क्रमांक स्वरांनी फिरवावयाचा असेल तर 'डी'नंतर 'टी' आणि जुन्या यांत्रिक एक्स्चेंजसाठी स्पंदांनी फिरवावयाचा असेल तर 'पी', एवढे व्याकरण अनेकांना अनुभवाने पाठ झाले होते.

३. स्मृतीची स्थलांतरे

आज्ञा ऐकून ती समजून घेणारी आज्ञावली मोडेममध्ये कोठे तरी असावी लागते. ती कोठे असावी याचे उत्तर चार दशकांत वारंवार बदलत गेले.

पहिल्या स्मार्टमोडेमची आज्ञावली कारखान्यातच कायम केलेली होती, आणि वापरणाऱ्याची आवडनिवड लक्षात ठेवण्याचे साधन म्हणजे समोरची पट्टी काढल्यावर दिसणारी बारीक बटणे. वीज गेली की नोंदकोशांतील आकडे पुसले जात, बटणे मात्र तशीच राहत. पुढे २४०० बिट गतीच्या मोडेममध्ये ही बटणे जाऊन त्यांच्या जागी वीज गेल्यावरही टिकणारी स्मृती आली, आणि 'लिहून ठेव' अशी एक नवी आज्ञा भाषेत दाखल झाली. तथापि लिहिता येत होते ते केवळ पसंतीचे आकडे; आज्ञावली नव्हे.

आज्ञावलीच पुन्हा लिहिता यावी यासाठी लागणारी विद्या दुसरीकडे वाढत होती. इन्टेल कंपनीत डोव फ्रोमन यांनी १९७१ साली ईप्रॉम ही स्मृती सिद्ध केली. विद्युत्‌रोधक थरात संपूर्ण वेढलेल्या एका सूक्ष्म द्वारावर विद्युत्भार अडकवून ठेवावयाचा आणि त्याच्या असण्यानसण्यावरून बिट ओळखावयाचा, हे तिचे तत्त्व. १७०२ क्रमांकाच्या त्या पहिल्या चिपेत २५६ बाइट मावत. पुसण्यासाठी तिच्या माथ्यावर क्वार्ट्‌झची काच असे, आणि चिप खोबणीतून काढून जंबुपार किरणांखाली काही मिनिटे ठेवावी लागे. त्यामुळे मोडेमची आज्ञावली बदलणे म्हणजे यंत्र उघडून चिप बदलणे होते.

टोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत अशी स्मृती मांडली की जी जागेवरच, विजेनेच, मोठ्या पट्ट्यांनी एकदम पुसली जाई. कॅमेऱ्याच्या लखलखाटाची आठवण होऊन त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी तिला 'फ्लॅश' हे नाव सुचविले. इन्टेलने १९८८ साली या जातीच्या चिपा बाजारात आणल्या.

मोडेमच्या क्षेत्रात या शोधाचे महत्त्व १९९७-९८ च्या सुमारास ध्यानात आले. सेकंदाला ५६ हजार बिट नेण्याच्या दोन परस्परविरोधी रीती तेव्हा बाजारात होत्या, एक यू. एस. रोबोटिक्सची आणि दुसरी रॉकवेल व त्याच्या सहकाऱ्यांची. १९९८ साली व्ही.९० हे सर्वमान्य प्रमाण ठरले. ज्या मोडेममध्ये आज्ञावली फ्लॅश स्मृतीत होती, उदाहरणार्थ यू. एस. रोबोटिक्सचा 'कुरिअर', त्यांना नवी रीत तारेवरूनच शिकविता आली. ज्यांची आज्ञावली कायम कोरलेली होती ते निरुपयोगी नव्हे, पण जुन्या बोलीपुरते मर्यादित राहिले. याच सुमारास उलट दिशेचाही एक प्रयोग चालू होता. 'विनमोडेम' या नावाने ओळखल्या गेलेल्या स्वस्त मोडेममध्ये बरेचसे काम संगणकावर ढकललेले असे, आणि आज्ञावली संगणकाच्याच तबकडीवर राही. अशा मोडेमला त्या विशिष्ट संगणकापासून दूर केले की तो मुका होई.

४. बत्तीस पिनांवरून आठ पिनांवर

बाह्य स्मृती जोडण्याची जुनी रीत समांतर होती. १२८ किलोबाइटच्या फ्लॅश चिपेला पत्त्यासाठी १७ तारा, आशयासाठी ८, शिवाय निवड, वाचन व लेखन यांच्या तारा आणि वीज लागे; त्यामुळे तिला ३२ पिना असत. पत्ता एका वाटेने, आशय दुसऱ्या वाटेने, अशी येथे विभागणी होती. परंतु 'पूस' किंवा 'लिही' ही आज्ञा मात्र आशयाच्या वाटेनेच द्यावी लागे. एका प्रचलित पद्धतीत त्यासाठी एक त्रिपदी मंत्रच ठरविलेला होता. षोडशमान अंकांत सांगावयाचे तर ५५५५ या पत्त्यावर एए, २एएए या पत्त्यावर ५५, आणि पुन्हा ५५५५ या पत्त्यावर ए०. हा क्रम चुकूनही घडू नये इतका असंभाव्य होता, आणि त्याची असंभाव्यता हेच त्याचे अवतरणचिन्ह होते.

मोटोरोला कंपनीने १९८० च्या दशकात रूढ केलेल्या एसपीआय या क्रमिक जोडणीने हे सारे आठ पिनांत बसविले. तिच्यात मूलतः चारच तारा महत्त्वाच्या : निवडीची, तालाची, आत येणाऱ्या बिटांची आणि बाहेर जाणाऱ्या बिटांची. पत्ता, आशय आणि आज्ञा ही तिन्ही एकाच वाटेने, एकामागून एक जातात. त्यांच्यातील भेद येथे केवळ स्थानाने ठरतो. निवडीची तार खाली गेली की वाक्य सुरू झाले. त्यातील पहिला बाइट नेहमी आज्ञा. त्यानंतर गरजेप्रमाणे तीन बाइटांचा पत्ता. त्यानंतरचे सारे आशय. आणि तार वर गेली की वाक्य संपले. ज्या भाषांत प्रत्ययांऐवजी शब्दक्रमाने कर्ता आणि कर्म ओळखले जाते त्यांच्याशी या रचनेचे साम्य उघड आहे. पहिल्या स्थानी आलेल्या ०३ या अंकाचा अर्थ 'वाच' असा होतो; पाचव्या स्थानी आलेला तोच अंक निव्वळ एक अंक असतो.

या भाषेचा शब्दसंग्रह अल्प आहे. ९एफ म्हणजे 'तू कोण?' याला चिप तीन बाइटांनी उत्तर देते, आणि त्यांतील पहिला तिचे कुल सांगतो. ईएफ असल्यास विनबॉन्ड, सी८ असल्यास गिगाडिव्हाइस, सी२ असल्यास मॅक्रोनिक्स. ०५ म्हणजे 'काम संपले काय?' २० म्हणजे ४०९६ बाइटांचा एक विभाग पूस. ०२ म्हणजे २५६ बाइटांपर्यंतचे एक पान लिही. पुसणे आणि लिहिणे या दोहोंच्या आधी दर खेपेस ०६, म्हणजे 'आता लिहू दे', असे स्वतंत्र वाक्य उच्चारावे लागते. एक काम झाले की ही परवानगी आपोआप मागे घेतली जाते.

लेखनाचे नियमही ध्यानात घेण्यासारखे आहेत. पुसलेल्या विभागातील प्रत्येक बिट एक असतो. लिहिणे म्हणजे त्यांतील काहींचे शून्य करणे. शून्याचा पुन्हा एक करावयाचा तर एकटा तो बिट बदलता येत नाही. संपूर्ण विभागच पुसावा लागतो. पाटीवरचे एक अक्षर बोटाने पुसून दुसरे लिहावे, अशी सोय येथे नाही. ताम्रपटावर कोरलेल्या अक्षरात भर घालता येते, पण ते काढावयाचे तर पत्राच ठोकून सपाट करावा लागतो, तशी ही गोष्ट आहे. शिवाय पानाच्या शेवटापलीकडे लिहित गेल्यास मजकूर पुढच्या पानावर न जाता त्याच पानाच्या आरंभी वळतो आणि तेथले बिघडवितो.

५. ईएसपी ८२६६ : कंठस्थ आणि पुस्तकस्थ

ईएसपी ८२६६ मध्ये टेन्सिलिका कंपनीच्या आराखड्यावरील ३२ बिटांचा संस्कारक आहे. त्याची सामान्य गती ८० मेगाहर्ट्‌झ. आत आज्ञांसाठी ३२ किलोबाइट आणि आशयासाठी ८० किलोबाइट तात्पुरती स्मृती आहे. त्यांशिवाय कारखान्यात कायम कोरलेली थोडी स्मृती, म्हणजे रॉम, आहे. बिनतारी जाळ्याची संपूर्ण आज्ञावली यात मावत नाही. म्हणून शेजारी आठ पिनांची एसपीआय फ्लॅश बसवावी लागते. एआय-थिंकर या उत्पादकाने २०१४ च्या उन्हाळ्यात आणलेल्या 'ईएसपी ०१' या बोटाएवढ्या बोर्डावर आरंभी ५१२ किलोबाइटची फ्लॅश असे. १९७१ च्या १७०२ चिपेत २५६ बाइट मावत; त्या मानाने ही एक चिप तशा २०४८ चिपांच्या बरोबरीची होती.

जुन्या परिभाषेत सांगावयाचे तर या चिपेची विद्या दोन प्रकारची आहे. रॉममधील विद्या कंठस्थ आहे. ती थोडी आहे, पण ती कोणी काढून घेऊ शकत नाही. फ्लॅशमधील विद्या पुस्तकस्थ आहे. ती विपुल आहे, पण पोथी बदलली की ती बदलते. वीज मिळताच कंठस्थ विद्या प्रथम जागी होते आणि दोनतीन पिना पाहते. शून्य आणि दोन क्रमांकाच्या पिना वर व पंधरा क्रमांकाची खाली असेल तर ती पोथी उघडते. पोथीचा पहिला बाइट ई९ असला पाहिजे. तो असल्यास पुढील बाइटांत मजकुराचे किती खंड आहेत, फ्लॅश किती मोठी आहे आणि तिच्याशी किती तारांनी व कोणत्या गतीने बोलावयाचे, हे दिलेले असते. तेथे चार तारांनी बोला असे लिहिलेले आणि प्रत्यक्ष जोडणी मात्र दोनच तारांची, असे झाल्यास चिप सुरूच होत नाही. पोथीच्या मुखपृष्ठावर ती वाचण्याची रीतच चुकीची छापावी, असा हा दोष आहे.

फ्लॅशमधील आज्ञावली सारीच्या सारी तात्पुरत्या स्मृतीत आणली जात नाही. तिचा एक मेगाबाइटपर्यंतचा भाग पत्त्यांच्या ४०२००००० या प्रदेशात दिसतो, आणि लागेल तेवढा तुकडा मधल्या छोट्या साठ्यात येत राहतो. त्यामुळे एक मार्मिक अडचण उत्पन्न होते. फ्लॅशमध्ये काही लिहिणे चालू असताना तिच्यातून वाचता येत नाही. म्हणजे जी आज्ञावली पोथीत लिहावयास सांगते ती स्वतः त्याच पोथीत असेल तर तिला आपले पुढचे वाक्यच सापडणार नाही. यासाठी लेखनाचे कार्य करणारा भाग आधी तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे जणू तोंडपाठ करून, ठेवावा लागतो.

आता शून्य क्रमांकाची पिन जमिनीला जोडून चिप पुन्हा सुरू केली, तर कंठस्थ विद्या पोथीकडे न वळता क्रमिक तारेकडे कान देते. बाहेरून नवी आज्ञावली लिहिण्याचे द्वार ते हेच. येथेही बोलणाऱ्याची गती आधी ओळखावी लागते. त्यासाठी संगणक जे अभिवादन पाठवितो त्यात ०७ ०७ १२ २० या चार बाइटांनंतर ५५ हा अंक ३२ वेळा येतो. ५५ म्हणजे एक आणि शून्य यांची एकाआड एक ओळ. स्मार्टमोडेमच्या 'ए'ने जे काम एका अक्षरात केले तेच येथे विस्ताराने केले जाते.

यापुढील संभाषण स्लिप या संकेतानुसार चालते. हा संकेत १९८८ साली लेखनिविष्ट झाला तो मोडेमच्या क्रमिक तारेवरून इंटरनेटचा मजकूर नेण्यासाठीच. त्यात प्रत्येक वाक्याच्या शेवटी सी० हा बाइट असतो. हाच बाइट मजकुरात आला तर त्याच्या जागी डीबी आणि डीसी हे दोन बाइट घालावयाचे, आणि डीबी आला तर डीबी आणि डीडी. म्हणजे विरामाची, असंभाव्य मंत्राची आणि स्थानाची रीत पाहिल्यानंतर येथे चौथी रीत भेटते, ती आदेशाची. बंधनकारक चिन्ह आशयात आले की त्याचे रूपच पालटावयाचे. व्याकरणात एका वर्णाच्या जागी दुसरा वर्ण येतो, त्याला वैयाकरणांनी 'आदेश' हीच संज्ञा दिली आहे.

सेकंदाला १,१५,२०० बिट या गतीने ५१२ किलोबाइट पाठवावयास सुमारे ४५ सेकंद लागतात. आलेले बाइट कंठस्थ आज्ञावली एसपीआयच्या भाषेत अनुवादित करते. १२८ विभाग पुसले जातात, २०४८ पाने लिहिली जातात. संगणकाच्या दृष्टीने यातील प्रत्येक बाइट आशय आहे. पिन सोडून चिप पुन्हा सुरू करताच तोच आशय आज्ञा होतो.

या चिपेच्या बोलण्यात एक हेलही होता. तिच्या रॉमने ४० मेगाहर्ट्‌झचा स्फटिक गृहीत धरलेला. बोर्डांवर सामान्यतः २६ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक बसविलेला. परिणामी १,१५,२०० या गतीने उच्चारलेले तिचे पहिले शब्द प्रत्यक्षात २६/४० पटीने, म्हणजे ७४,८८० या गतीने बाहेर पडत, आणि नेहमीच्या गतीने ऐकणाऱ्यास ती केवळ चिन्हांची बडबड वाटे. अर्थहीन वाटलेला उच्चार वस्तुतः नियमबद्ध असतो, फक्त त्याचे माप वेगळे असते, हा बोलीविज्ञानाचा पहिला धडा येथेही लागू पडतो.

६. परिणाम

ईएसपी ०१ विकला गेला तो मोडेम म्हणून. त्याच्या फ्लॅशमधील आज्ञावली 'एटी'ने सुरू होणाऱ्या आज्ञा ऐके. मजकूर थेट पुढे पाठविण्याच्या अवस्थेतून बाहेर येण्यासाठी तीच '+++' ही चिन्हे वापरी. १९८१ ची भाषा टेलिफोन गेल्यावरही टिकून राहिली होती. या मांडणीत हा बोर्ड दुसऱ्या एखाद्या नियंत्रकाचा सेवक होता. पण किंमत अवघी काही डॉलर, आणि फ्लॅश उघड्यावर. सुरुवातीची कागदपत्रे मुख्यतः चिनी भाषेत होती. ती भाषांतरित करून वाचली गेली. त्याच वर्षी एस्प्रेसिफने आज्ञावली लिहिण्याची साधने प्रसिद्ध केली. फ्रेड्रिक आल्बेर्ग यांनी रॉमशी बोलणारी 'ईएसपीटूल' ही आज्ञावली लिहिली; पुढे अँगस ग्रॅटन यांनी ती वाढविली. मॅक्स फिलिपॉव्ह यांनी या संस्कारकासाठी मुक्त भाषांतरक सिद्ध केला. लुआ भाषेतील 'नोडएमसीयू' २०१४ च्या अखेरीस आणि इव्हान ग्रोखोत्कॉव्ह यांच्या प्रयत्नाने आर्डुइनोची परिचित पद्धत २०१५ साली या चिपेवर आली. मोडेम म्हणून घेतलेली वस्तू स्वतंत्र संगणक ठरली. तिला धनी लागेनासा झाला.

हे घडले ते स्मृती बाहेर होती म्हणून, आणि कंठस्थ विद्या पुसता येत नव्हती म्हणूनही. शिकाऊ माणसाने फ्लॅशमध्ये काहीही चुकीचे लिहिले तरी पिन जमिनीला जोडून पुन्हा आरंभ करता येई. चूक क्षम्य असल्यामुळे प्रयोग निर्भय झाला.

परंतु जी पोथी कोणीही लिहू शकतो ती कोणीही वाचूही शकतो. जाळ्याचे नाव आणि सांकेतिक शब्द ही चिप सामान्यतः त्याच फ्लॅशमध्ये उघड्या रूपात ठेवते. आठ पिनांना चिमटा लावून ते वाचता येतात. टाकून दिलेल्या दिव्यातून किंवा विद्युत्‌खटक्यातून घराची किल्ली बाहेर जावी, असा हा प्रकार आहे. २०१६ साली याच कंपनीच्या ईएसपी ३२ या चिपेत फ्लॅशमधील मजकूर सांकेतिक करण्याची आणि स्वाक्षरी नसलेली आज्ञावली नाकारण्याची सोय आली. त्याच सुमारास ईएसपी ८२८५ मध्ये एक मेगाबाइट फ्लॅश चिपेच्या आवरणातच गेली. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. मात्र जेथे हे कुलूप लावले जाते तेथे चिपेशी बोलण्याचा अधिकार उत्पादकापाशी राहतो, वस्तूच्या मालकापाशी राहत नाही. आणि उत्पादकाने लक्ष काढून घेतले की ती वस्तू पुन्हा शिकविता येत नाही. उघडी पोथी आणि कुलूपबंद पोथी यांतील निवड ही तांत्रिक खरी, पण तिचे परिणाम मालकीहक्काच्या क्षेत्रात पडतात.

इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट दृष्टीआड करता येणार नाही. फ्लॅशमधील अक्षर म्हणजे कोंडलेला विद्युत्भार, आणि तो अत्यंत मंद गतीने पाझरत असतो. या जातीच्या चिपांचे उत्पादक सामान्यतः वीस वर्षांच्या टिकाऊपणाची आणि सुमारे एक लाख पुसण्यांची हमी देतात. त्या हिशेबाने २०१४ साली लिहिल्या गेलेल्या पहिल्या बोर्डांतील मूळ आज्ञावलीची मुदत २०३४ च्या आसपास संपते. ताम्रपट हजार वर्षे टिकले; कागदाच्या पोथ्या शेकडो वर्षे टिकल्या. यंत्रभाषेच्या या अवस्थेची मूळ साधने मात्र एका पिढीच्या आत फिकी होणार आहेत. उघड्या फ्लॅशमधील मजकूर पाऊण मिनिटात उतरवून घेता येतो आणि त्याचा अभ्यास होऊ शकतो. कुलूपबंद फ्लॅशमधून उतरेल ती केवळ सांकेतिक लिपी, आणि तिची किल्ली चिपेबरोबरच नाहीशी होईल. यास्तव अशा बोर्डांतील आज्ञावल्या उतरवून, त्यांवर काळ आणि चिपेचे कुल नोंदवून, त्या जतन करणे हे हस्तलिखितांच्या संग्रहाइतकेच ग्रंथालयांचे आणि विद्यापीठीय विभागांचे कार्य ठरते.